वर्ष व्हायच्या आत गुढी उभारावी का?

राजेंद्रनगर_इंदूर:
आमचे हे कार्तिकात गेले. रात्री छातीत दुखतंय म्हणाले, पहाटे नव्हते. मुलगा पुण्याला. घरात मी आणि सासूबाई, वय ८४.

यंदा पाडवा १९ मार्चला आहे. गुढीचं सगळं नेहमी हेच करायचे. आदल्या दिवशी माळ्यावरून काठी काढून तिला तेलाचा हात द्यायचे. माझ्या लग्नातल्या हिरव्या शालूच्या निऱ्यासुद्धा स्वतःच घालायचे. राजवाड्यावरून गाठी आणणं, कडुलिंबाचा डहाळा, सगळं त्यांचं. माझ्याकडे गडू घासणं आणि श्रीखंड, बस.

नणंदबाई फोनवर म्हणाल्या, वर्षश्राद्धापर्यंत सण नाही. मग हळूच, "तसंही वहिनी, तू कशी उभारणार?" हे दुसरं वाक्य मनातून जाऊन नाही राहिलं.

धुळवडीला कॉलनीतले लोक आले होते. बाहेरच्यांना माहीत नसेल, आमच्या माळव्यात गमीच्या घरी पहिल्या होळीला सगळे जमून येतात, गुलाल लावतात. म्हणजे शोक उठला, त्या घराने पुन्हा सणावाराला लागायचं. समोरच्या भाभींनी मला लावला, आईंनाही. आईंनी तो दिवसभर पुसला नाही.

काल गच्चीवर वाळवण घालायला गेले, तर कठड्याच्या गजाला मागच्या पाडव्याची सुतळी तशीच. ह्यांनी काठी वर ओढून काढली असणार, गाठ सोडलीच नाही. दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. तिथेच खाली बसले.

ज्यांच्या घरी असं झालं, त्यांनी पहिल्या वर्षी काय केलं?

लष्करकर_ग्वाल्हेर:
ताई, बाबा गेले तेव्हा आमच्याकडेही हाच प्रश्न आला. गुरुजी म्हणाले, सुतक दहा दिवसांचं, तेराव्याला गोडाचं जेवण झालं की देवाधर्माला आडकाठी नाही. वर्षभर सण न करणं हा घराघराचा रिवाज. आम्ही गुढी उभारली, पक्वान्न केलं नाही. वरणभात, आणि कडुलिंब-ओवा-हिंग-गुळाची गोळी. तोरण लावलं नाही. सूर्यास्ताआधी उतरवली. कोणी काही बोललं नाही.

बडोदेकरीण:
मी वेगळं सांगते. मला सगळे म्हणाले, खंबीर राहा, सण कर. मी केला. दिवसभर त्या गुढीकडे बघवलं नाही, दारं लावून बसले. पुढच्या वर्षी आपणहून उभारावीशी वाटली, तेव्हा उभारली. लोक काय म्हणतील म्हणून थांबू नका, तसंच लोकांना दाखवायला म्हणून करूही नका. तुम्हाला हवी आहे का, एवढंच बघा.

पंचगंगाकाठ:
"तू कशी उभारणार" याचं उत्तर आमच्या कोल्हापूर जिल्ह्याने दिलंय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एक अख्खं गाव हात वर करून हे म्हणू शकतं, तर नणंदबाईंना तुम्हीही सांगू शकता. गुढी घराची असते हो.

राजेंद्रनगर_इंदूर:
सगळ्यांचे आभार. बडोद्याच्या ताईंचं दोनदा वाचलं. मला हवी आहे.

आईंना विचारायचं धाडस होत नव्हतं. ज्या माउलीचा मुलगा गेला, तिला गुढीचं कोणत्या तोंडाने विचारू? आज दुपारी स्वैपाकघरात गेले तर त्या ओट्याशी उभ्या, वाटीत चिंच भिजवलेली, हातात गुढीचा गडू. म्हणाल्या, "काळा पडला होता." पुढे काही नाही. मी राखाडी काढून दिली, दोघींनी मिळून घासला.

जुनी सुतळी सोडणार नाही. तिच्या वीतभर वर नवी बांधेन. एक अडचण: काठी एकटीने उभी करून बांधता येते का? आईंना जिना चढवत नाही.

लष्करकर_ग्वाल्हेर:
येते. शालू, गाठी, डहाळा, गडू सगळं काठी आडवी असतानाच बांधून घ्या. मग खालचं टोक पाटावर टेकवून गजाला आधी सैल गाठ मारा, म्हणजे काठी पडत नाही. वरची गाठ घट्ट, मग खालची आवळा. आणि आई अंगणात कुठे बसतात ते आधी बघून घ्या, त्या बाजूला झुकवा.