न्यूयॉर्कच्या एएम स्टेशनांचा फॉरमॅट-इतिहास: ६६० की १०५०?

सुईकाटा
न्यूयॉर्कच्या एएम (मध्यम लहरींच्या) रेडिओ स्टेशनांनी फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमांचा प्रकार (गाणी, गप्पा, खेळ), कधी बदलले याचा तक्ता करतोय. ७७० किलोहर्ट्झचं डब्ल्यूएबीसी सोपं वाटलं: १० मे १९८२ ला दुपारी बारा वाजता गाणी बंद, टॉक (गप्पा-चर्चा) सुरू. अडलंय डब्ल्यूएफएएनपाशी. एकीकडे ते १ जुलै १९८७ ला १०५० किलोहर्ट्झवर सुरू झालं म्हणतात, दुसरीकडे ७ ऑक्टोबर १९८८ ला ६६० वर. खरी तारीख कोणती धरायची? आणि एफसीसीच्या (प्रसारण परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाच्या) हिस्ट्री कार्डांवर, म्हणजे स्टेशनवार जुन्या नोंदींवर, फॉरमॅटचा उल्लेखच का सापडत नाही?

मध्यमलहर
दोन्ही तारखा खऱ्या आहेत, चूक तक्त्याच्या रचनेत आहे. फ्रिक्वेन्सी, परवाना, कॉल लेटर्स (स्टेशनचं अक्षरी नाव) आणि फॉरमॅट यांना चार वेगळे रकाने द्या. या चार गोष्टी एकत्र सरकतातच असं नाही.

१०५० वर १९७३ पासून डब्ल्यूएचएन कंट्री संगीत वाजवत होतं. १ जुलै १९८७ ला तिथेच डब्ल्यूएफएएन आलं, चोवीस तास फक्त खेळ. १९८८ मध्ये त्याच्या मालकाने, म्हणजे एमिसने, एनबीसीकडून ६६० चं डब्ल्यूएनबीसी घेतलं. तेव्हा एका मालकाला एकाच बाजारपेठेत दोन एएम ठेवता येत नसत (ही अट १९९२ मध्ये सैल झाली), म्हणून एक सोडणं भाग होतं. दोन्हींची ताकद ५० किलोवॉट, पण १०५० ही मेक्सिकोची क्लिअर चॅनल (तिथल्या स्टेशनला प्राधान्य असलेली फ्रिक्वेन्सी), त्यामुळे इथला अँटेना दिशाबद्ध, म्हणजे काही दिशांना सिग्नल कमी पाठवणारा. ६६० चा सिग्नल मात्र चहूकडे सारखा जातो. त्यांनी ६६० ठेवलं यात नवल नाही.

तेव्हा ७ ऑक्टोबर १९८८ ला नाव आणि फॉरमॅट १०५० वरून ६६० वर गेले, परवाने जागच्या जागीच राहिले. ६६० ची ओळ अशी लिहा: डब्ल्यूईएएफ १९२२, डब्ल्यूएनबीसी १९४६, डब्ल्यूआरसीए १९५४, पुन्हा डब्ल्यूएनबीसी १९६०, डब्ल्यूएफएएन १९८८. सकाळचा डॉन आयमसचा कार्यक्रम डब्ल्यूएनबीसीवरून डब्ल्यूएफएएनवरही चालू राहिला, त्यामुळे फक्त सकाळची टेप ऐकून ‘फॉरमॅट बदलला’ किंवा ‘नाही बदलला’ असं ठरवू नका.

खरखर
कार्डांबद्दल. ती साधारण १९२७ ते १९८१ या काळाची आहेत. मालक, वॉट, फ्रिक्वेन्सी, कॉल लेटर्स असं जे परवान्याशी बांधलेलं, तेवढंच त्यांत मिळतं. फॉरमॅट बदलायला परवानगी लागत नाही, मग कागद कुठून येणार? काही खटल्यांत न्यायालयांनी एफसीसीला त्यात लक्ष घालायला लावलं होतं, पण १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डब्ल्यूएनसीएन या रेडिओ स्टेशनबद्दलच्या खटल्यात ‘हे बाजारावर सोडलेलं चालेल’ हे एफसीसीचं म्हणणं मान्य केलं.

म्हणून फॉरमॅटसाठी ब्रॉडकास्टिंग इयरबुक (स्टेशनांची वार्षिक सूची) पाहा. त्यातली माहिती स्टेशनने स्वतः कळवलेली आणि छपाईच्या आधी काही महिने गोळा केलेली असते. १९७४ च्या अंकात ‘कंट्री’ दिसलं तर बदल त्याआधीचा, एवढंच सिद्ध होतं. नेमका दिवस त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात किंवा एअरचेकमध्येच (प्रसारणाच्या ध्वनिमुद्रणात) सापडेल.

एअरचेक वापरताना टेपचा वेग आधी तपासा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आणि तिची गुणगुण टेपवर उतरते. स्पेक्ट्रम (ध्वनीतल्या फ्रिक्वेन्सींचा आलेख) काढून १८० हर्ट्झजवळची गुणगुण बघा. ती तिसरा हार्मोनिक, म्हणजे ६० ची तिप्पट, असल्याने तिथे फरक तिप्पट दिसतो. ती रेघ १८३.६ वर असेल तर टेप २ टक्के जलद आहे. जवळजवळ दोन रेघा असतील तर अगदी १८० वरची बहुधा टेप डिजिटल करताना घुसलेली, ती सोडून द्या. गाण्याचा सूर मूळ तबकडीशी जुळवून वेग काढायच्या फंदात पडू नका, कारण टॉप ४० वाली (हिट गाणी वाजवणारी) स्टेशनं गाणी मुद्दाम किंचित पळवत. आणि मधली गाणी कापून टाकलेल्या टेपवर मिनिटं मोजून वेग काढणं फुकट.

मध्यमलहर
वेगाचं मान्य. पण ७७० ला ‘सोपं’ म्हणू नका, तिथे जास्त माणसं घसरतात. १९४० च्या कागदात ‘डब्ल्यूएबीसी’ दिसलं तर ते हे स्टेशन नव्हेच! ते सीबीएसचं, आजचं ८८०. १९४६ मध्ये त्याचं डब्ल्यूसीबीएस झालं. तुमचं ७७० तेव्हा डब्ल्यूजेझेड होतं, डब्ल्यूएबीसी झालं १९५३ मध्ये.

शिवाय २९ मार्च १९४१ ला उत्तर अमेरिकेतल्या करारामुळे ७४० आणि त्यावरची बहुतेक स्टेशनं थोडी वर सरकली: डब्ल्यूजेझेड ७६० वरून ७७० वर, डब्ल्यूएचएन १०१० वरून १०५० वर. ६६० हललं नाही. या दिवशीचा बदल फॉरमॅटच्या रकान्यात चुकूनही घालू नका.

सुईकाटा
चार रकाने केले. १९३९ ची एक नोंद मी चक्क सीबीएसची उचलून ७७० खाली घातली होती, ती काढली. १०५० ची १९८८ नंतरची ओळ वेगळी लावतो.