सिसलॉगची वेळ सी मध्ये वाचताना ५ तास २१ मिनिटांचा फरक येतोय

प्रश्न:
मंडळी, कालपासून इथेच अडकलोय. सर्व्हरच्या सिसलॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींची नोंद) मधली एकेक ओळ सी प्रोग्रॅमने वाचतोय, सुरुवातीला महिना तारीख वेळ असते, उदा. जुलै १४ १०:१५:००. स्ट्रक्ट टीएम (वर्ष, महिना, तास वगैरे ठेवायची रचना) मेमसेटने शून्य करतो, स्ट्रपीटाइमने ओळीतली वेळ वाचून भरतो आणि एमकेटाइमला (१९७० पासूनचे सेकंद काढणारं फंक्शन) देतो, तर आकडा येतो वजा २१९ कोटी! तोच जीएमटाइमने (म्हणजे यूटीसी वेळेत) छापला तर ०४:५३:५०. सर्व्हर भारतीय वेळेवर आहे, साडेपाच तास वजा केले तर ०४:४५ यायला पाहिजे ना, मग ही वरची ८ मिनिटं ५० सेकंद आली कुठून?

उत्तर:
तुमच्या ओळीत वर्षच नाहीये. जुन्या सिसलॉग फॉरमॅटमध्ये वर्ष लिहीतच नाहीत, टाइमझोनही नाही. टीएम_इयर (स्ट्रक्टमधलं वर्ष) १९०० पासून मोजतात, तुम्ही शून्य ठेवलंत म्हणजे एमकेटाइमच्या लेखी ती ओळ १९०० सालची झाली, १९७० च्या आधीची, म्हणून आकडा वजा. आणि भारतीय प्रमाणवेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ ला, त्याआधीसाठी टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये एशिया/कोलकाताला मद्रासची वेळ धरलीय, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. तुमची ८ मिनिटं ५० सेकंद तिथली आहेत, प्रोग्रॅमने हिशोब अगदी बरोबर केलाय!

प्रश्नकर्ता:
बापरे, हे कधीच सुचलं नसतं, खूप आभार. चालू वर्ष घातलं आणि ०४:४५:०० आलं. एवढंच पुरेल का?

दुसरं उत्तर:
नाही पुरणार, जानेवारीत फसाल. २ जानेवारीला ३१ डिसेंबरची ओळ वाचली की चालू वर्ष लागून ती जवळजवळ वर्षभर पुढची होते. आलेली वेळ आत्ताच्या वेळेपेक्षा एक दिवसाहून जास्त पुढे असेल तर वर्ष एकने कमी करून परत एमकेटाइम करा, पण स्ट्रपीटाइमने भरलेल्या मूळ स्ट्रक्टची कॉपी आधीच काढून ठेवा आणि दुसऱ्यांदा तीच वापरा, कारण एमकेटाइम आतले आकडे बदलतं. समजा जानेवारी २०२५ मध्ये तुम्ही २९ फेब्रुवारी २०२४ ची ओळ वाचताय, २०२५ घातल्यावर ती गुपचूप १ मार्च होते, आणि त्याच स्ट्रक्टमधून एक वर्ष कमी केलंत की १ मार्च २०२४ हातात येतो, एक दिवस गेला. लीप वर्षातच होतं म्हणून टेस्टिंगला सापडत नाही.

आणि टीएम_आयएसडीएसटी (उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलंय का ते सांगणारा आकडा) उणे १ ठेवा, म्हणजे ते एमकेटाइम स्वतः ठरवेल, आपल्याकडे फरक पडत नाही पण उद्या प्रोग्रॅम लंडनच्या सर्व्हरवर गेला तर उन्हाळ्यात तासाभराचा घोळ होईल.

तिसरं उत्तर:
सर्व्हरची सेटिंग तुमच्या हातात असेल तर आरसिसलॉगला (सिसलॉग लिहिणारा प्रोग्रॅम) पूर्ण टाइमस्टॅम्प लिहायला लावा, वर्ष आणि +०५:३० हा यूटीसीपासूनचा ऑफसेट यांच्यासकट, डेबियन १२ मध्ये तर डीफॉल्टच तसं आहे. फक्त तिथे ग्लिबसीचं (लिनक्सची सी लायब्ररी) स्ट्रपीटाइम तो +०५:३० वाचून टीएम_जीएमटीऑफ मध्ये ठेवतं आणि एमकेटाइम त्याच्याकडे बघतही नाही, तेव्हा ऑफसेट बाजूला काढून ठेवा, टाइमजीएम (वेळ यूटीसी धरून सेकंद काढतं) वापरा आणि ऑफसेटचे १९८०० सेकंद स्वतः वजा करा.