४२० पानांची कादंबरी, पाच निवेदक: पटकथा आटोक्यात कशी आणायची?

पानगळ: कादंबरीत काळ सतत मागेपुढे होतो आणि निम्मा मजकूर मनातला आहे. पहिला खर्डा २१० पानांचा झालाय, म्हणजे पानाला एक मिनिट धरलं तरी साडेतीन तास. १२० पानांवर आणायचाय, पण एक प्रसंग काढला की पुढच्या तीन प्रसंगांचे संदर्भ तुटतात. निवेदनाचा आवाज वापरून जोडावं का?

खर्डेघाशी: संदर्भ तुटतात कारण कादंबरीचाच क्रम ठेवून कापताय. एका कार्डावर एक प्रसंग लिहा, खाली ‘यानंतर काय बदललं’ एवढी एकच ओळ. ती सुचली नाही तर प्रसंग कितीही देखणा असो, बाजूला काढा. उरलेली कार्डं आधी काळाच्या सरळ क्रमाने लावा, मागे कुठे जायचं ते त्यानंतर. दोन तासांना साधारण ६०-७० प्रसंग पुरतात.

निवेदकांचं म्हणाल तर ‘सिंहासन’ (१९७९) पुन्हा बघाच. विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांची, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ची, मिळून एक पटकथा केली. मुख्यमंत्री, बंडखोर अर्थमंत्री, कामगार पुढारी असे कितीतरी गोट, पण पत्रकार दिगू टिपणीस सगळीकडे पोचतो आणि प्रेक्षक त्याच्या पाठोपाठ आत जातो. सत्तेच्या खेळातला तो खेळाडू नाही, तरी चित्रपट त्याच्यावरच संपतो. तुमच्या पाचांत सगळ्या घरांत ये-जा असणारं कोण आहे?

ध्वनिफीत: आवाजाने जोडू नका. निवेदनाच्या ओळी झाकून प्रसंग वाचा. अर्थ लागला तर त्या ओळी नकोतच, नाही लागला तर प्रसंगच कच्चा आहे. ऐकू येतं एक आणि दिसतं दुसरंच, अशा ठिकाणीच निवेदनाला खरी धार येते. आणि स्वगतं उचलून संवादांत घालू नका, माणसं पुस्तकासारखी बोलायला लागतात.

पानगळ: ये-जा असणारी मोलकरीण आहे! ती निवेदक नाही म्हणून तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. दोन भावांचं एक पात्र केलं तर?

खर्डेघाशी: दोघांना हवं ते एकच असेल तर खुशाल करा. एकाला वाडा विकायचा असेल आणि दुसऱ्याला राखायचा असेल, तर जोडलेला माणूस मध्यंतरानंतर कारणाशिवाय उलटा वागेल.

मुदतवाढ: कादंबरीवर चित्रपट करण्याचे हक्क घेतलेत ना? ते लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या सहीनेच लागतात. करारात मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. त्याहून घातक म्हणजे, वेगळं लिहिलं नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास ते परत जातात. पटकथेलाच वर्ष लागतं, तेव्हा ते कलम आधी बघा.