दुबईतली शाळा सोडताना

ताई, दुबईच्या शाळेत पगार रखडलाय म्हणून कुणाला न सांगता विमान पकडून नाशिकला यायचं म्हणताय, तसं करू नका. माझ्या बायकोनं तिथल्या एका शाळेत हेच भोगलंय. लेखी राजीनामा द्या. प्रोबेशनमध्ये असाल आणि देशच सोडणार असाल तर १४ दिवसांची नोटीस, प्रोबेशन संपलं असेल तर करारानुसार ३० ते ९० दिवस. वर्ष भरलं असेल तर ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. राजीनामा दिला म्हणून ती बुडत नाही. अनुभवाचा दाखला मात्र निघण्याआधीच हातात घ्या. आम्ही इथे कॉलेज रोडवर बसून आठ महिने ईमेल करत होतो! आई रोज विचारायची, 'आला का गं कागद?'