नाचून मन खरंच बरं होतं का? (युगांडातली मुलं)

मुग्धा_पी:
मंडळी, एक विचारायचंय. उत्तर युगांडातल्या पाटोंगो इथल्या, युद्धामुळे घर सुटलेल्यांच्या कॅम्पमधल्या शाळेवरची 'वॉर/डान्स' ही २००७ ची डॉक्युमेंटरी काल परत पाहिली, ऑस्करला नॉमिनेट झालेली. आईबाप गमावलेली, बंडखोरांनी पळवून नेलेली पोरं २००५ ला राजधानी कंपालाला राष्ट्रीय संगीत स्पर्धेत जातात आणि ब्वोला नाचात बक्षीस मारून येतात. रडू आलंच, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की नाचून पोरांना खरंच बरं वाटतं, का आपल्याला बघायला बरं वाटतं? मी वस्तीतल्या मुलांसोबत काम करते म्हणून विचारतेय.

कंपालाकर:
मुग्धाताई, नोकरीनिमित्त तिकडे होतो तेव्हा उत्तरेतल्या गुलू शहराच्या बाजूला ब्वोला बघितलाय. हा तिथल्या अचोली जमातीचा दरबारी नाच, पूर्वी र्वोत म्हणजे त्यांच्या राजासमोर व्हायचा. मध्ये मोठा ढोल, भोवती गोल, पुरुषांच्या डोक्यावर शहामृगाची पिसं आणि प्रत्येकाच्या हातात छोटा ढोल, नाचता नाचता तोच वाजवायचा. एकाचा ठोका चुकला की अख्ख्या गोलाला कळतं, आपल्या लेझीमसारखंच.
आता जोसेफ कोनीच्या एलआरएने, म्हणजे त्या पोरं पळवणाऱ्या बंडखोरांच्या फौजेने, काय केलं बघा. पळवलेल्या पोरांकडून कधीकधी त्यांच्याच गावात, नातेवाइकांवर हात उचलवला, म्हणजे परतीचा रस्ताच बंद. असं पोर सुटून आलं की शेजारीपाजारी बिचकतात, ते स्वतःही कोपरा धरून बसतं. आणि सरकारने गावं उठवून सगळ्यांना कॅम्पात कोंबलं होतं, तिथे म्हाताऱ्यांकडून नाच शिकायचा कुठे? म्हणून माझं मत विचाराल तर आधी त्या गोलात जागा मिळाली हे मोठं, बक्षीस वगैरे नंतरचं.

शंकासुर:
कंपालाकर म्हणतात ते पटतं, पण एक पिन मारतो. गुलूजवळच्या दोन कॅम्पांत १४ ते १७ वयाच्या ३१४ मुलामुलींवर नीट ट्रायल झालेली, २००७ ला जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये आली. एका गटाला बोलण्याची ग्रुप थेरपी, दुसऱ्याला क्रिएटिव्ह प्ले, तिसरा गट वेटिंगवर. ग्रुप थेरपीने मुलींचं डिप्रेशन उतरलं, मुलग्यांमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही, आणि क्रिएटिव्ह प्लेने डिप्रेशनवर काहीच फरक नाही. आता क्रिएटिव्ह प्ले म्हणजे ब्वोला नव्हे, मान्य, पण ढोल दिला की काम झालं असं समजून कौन्सेलरचा पगार वाचवू नका.

मुग्धा_पी:
बापरे, हे माहीत नव्हतं. म्हणजे जिला झोप लागत नाही, जी एकदम गप्प झालीय तिला डॉक्टरकडे न्यायचंच, आणि बाकी नाच चालू ठेवायचा, बरोबर ना? आमच्याकडे उलटं चालतं हो, देणगीदार आले की पोरांना नटवून उभं करायचं आणि वर स्टेजवर त्यांची कहाणी माइकवरून सांगायची, मला तर लाज वाटते.

कंपालाकर:
बरोबर. आणि तो माइक पहिला बंद करा. कंपालात न्तिंडाला न्देरे सेंटर आहे, १९८४ पासूनचा ट्रूप, तिकीट काढून लोक येतात, बायका डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन नाचतात आणि निवेदक सांगतो ते नाचाबद्दल, हा कुठल्या भागातला, लग्नातला का सुगीचा. नाचणाऱ्याच्या घरी काय झालं हे प्रेक्षकाला कशाला हवंय? तुमच्या वस्तीत कुणाची आजी गाणारी, कुणाचा काका हलगीवाला असेलच, बाहेरून कोरिओग्राफर आणण्यापेक्षा त्यांना बोलवा, आणि जे पोर नाचायला नाही म्हणेल त्याला नुसतं बसून बघू द्या.