पदवीचं गणित कडक केलं की झालं?
'शिक्षकांचं पदवीचं गणित आणखी कडक करा, शाळेतलं आपोआप सुधारेल' असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटलं. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ मध्येच यातली मेख दाखवली होती: विद्यापीठात शिरताना शाळेचं गणित विसरायचं, शिक्षक होऊन शाळेत परतताना विद्यापीठाचं. म्हणून ते भावी शिक्षकांना शाळेचेच विषय वरच्या पातळीवरून शिकवत. (आणि हे गृहस्थ संशोधनातले दिग्गज, बरं का!)

पावणेदोन भागिले अर्धा घ्या. 'उलटा करून गुणा' म्हणत साडेतीन उत्तर काढता येतं. पण याच भागाकारावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगा. बरेच जण अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याचं उदाहरण रचून मोकळे होतात. तिथे कलनशास्त्राचा (कॅल्क्युलसचा) आणखी एक पेपर काय कामाचा?