‘बेडूक’मधला तराजू : समीक्षा की नुसती धमाल?

नेपथ्य:
ग्रीक विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसचं ‘बेडूक’ हे नाटक इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सला झालं आणि स्पर्धेत पहिलं आलं. शोकांतिकाकार युरिपिडीस नुकताच वारला होता. चांगला शोकांतिकाकार उरला नाही म्हणून खुद्द नाट्यदेव डायोनायसस हेराक्लिसचं सोंग घेऊन त्याला आणायला पाताळात उतरतो. तिथे युरिपिडीस आणि जुना शोकांतिकाकार एस्किलस यांची श्रेष्ठ कोण यावरून जुंपते. एस्किलसला जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. दोन पिढ्यांचे कवी समोरासमोर बसवायचे तर पाताळच हवं. इथे कल्पनारम्यता समीक्षेची सजावट नाही, तिची अट आहे. ‘काव्यशास्त्र’ लिहिणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलचा तर जन्मही झालेला नव्हता!

रोखठोक:
अजिबात पटलं नाही. तराजूच्या पारड्यात दोघे एकेक ओळ टाकतात. युरिपिडीसच्या ओळीत जहाज, एस्किलसच्या ओळीत नदी. पाण्याने भिजली म्हणून नदीची ओळ जड! पुढे मन वळवण्याच्या कलेपुढे मृत्यू जड. याला काव्याची पारख म्हणायचं? तो प्रेक्षकांना हसवण्याचा हुकमी प्रसंग आहे, त्यापलीकडे काही नाही.

नेपथ्य:
तराजू सोडा, तेलाच्या कुपीचं बघा. युरिपिडीस आपल्या नाटकांच्या सुरुवातीच्या ओळी म्हणतो आणि एस्किलस प्रत्येक वेळी त्या ‘तेलाची कुपी हरवली’ अशा संपवतो. वृत्तात बसतं, व्याकरणातही बसतं. वाक्यरचनेचा तोचतोचपणा याहून नेमका कसा दाखवणार? युरिपिडीसचा हल्लाही पोकळ नाही: एस्किलसची पात्रं चेहरा झाकून गप्प बसतात, मी रंगभूमीवर रोजचं जगणं आणलं, स्त्रिया आणि गुलामांना बोलतं केलं.

पारावरचा:
दोघेही अथेन्सचं स्पार्टाशी चाललेलं युद्ध विसरताय. निर्णयाच्या वेळी देव वृत्तांबद्दल विचारत नाही. परागंदा झालेला सेनापती अल्किबायडीसचं काय करावं, नगर कसं वाचेल, हे विचारतो. मधे कोरस, म्हणजे गायकवृंद, प्रेक्षकांना थेट सांगतो की इ.स.पू. ४११ च्या लोकशाहीविरोधी उठावानंतर हक्क गमावलेल्यांना ते परत द्या. या सल्ल्यामुळेच नाटकाचा पुन्हा प्रयोग झाला, असं प्राचीन परंपरा सांगते. माझ्या मते काव्यचर्चा ही तिथवर नेणारी वाट आहे.

रोखठोक:
हेच तर! शेवटी देव एस्किलसला निवडतो, पण त्याला जिंकवलं नगराच्या प्रश्नाने, काव्याने नव्हे.

नेपथ्य:
पण दोघांनाही मान्य आहे की कवीने नागरिकांना अधिक चांगलं घडवावं. मग नगराचा प्रश्न काव्याबाहेरचा कसा? आणि युरिपिडीसला दिलेला नकार बघा. तो आपल्याला परत न्यायच्या शपथेची आठवण करून देतो, तर देव त्याच्याच ‘हिपोलिटस’मधल्या ओळीचा आधार घेतो: शपथ जिभेने घेतली होती (मनाने नव्हे). त्या ओळीवर अथेन्समध्ये किती बोललं जात असेल, ते यावरून कळतं.